उरलेली पेज

५ नोव्हेंबर, बुधवार

पेशंटचं नाव अनुजा जयवंत राऊळ. वय चौतीस. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून फोड येतात. कधी शांत असतात, कधी उफाळतात, आणि उफाळले की संडास सोडून दुसरं काही सुचत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज काय खाता आणि पोट कसं राहतं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही.

सकाळी पोहे, मिरची वगळून. दुपारी मुगाची खिचडी. पोट ठीक.

झालं. बाकीच्या पानाचं काय करायचं? मी मला हवं ते लिहिणार. डॉक्टरांना खिचडीच्या ओळी तेवढ्या वाचून दाखवीन.

संध्याकाळी ठाकूरद्वारला जाऊन आले. त्रिपुरी पौर्णिमा म्हणून एका वाडीतल्या देवळात पणत्या लावल्या होत्या. सगळे पणत्या बघत होते आणि मी वाडीच्या मागच्या बोळाच्या तोंडाशी उभी. इथल्या बऱ्याच वाड्यांना पुढे रस्ता आणि मागे असा अरुंद बोळ का असतो? एक काका म्हणाले, मयत न्यायला. दुसरे म्हणाले, छे, मैला उचलणारे मागून यायचे म्हणून. दोघेही शपथेवर सांगत होते आणि शेवटी एकमेकांशी भांडले. रविवारी माझ्या वॉकच्या लोकांना दोन्ही सांगीन. आई मला भोचक भवानी म्हणते ते काही खोटं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दही-भात. पोट बरं.

वॉक छान झाला. 'फेरी' म्हटलं की लोकांना प्रभातफेरी वाटते, म्हणून वॉक. विम्याच्या ऑफिसातली नोकरी गेल्यापासून लोकांना जुनं गिरगाव पायी हिंडून दाखवणं, हाच माझा धंदा. तिथे साहेब म्हणायचे, "राऊळ, तू टेबलावर कधी दिसतच नाहीस." दिसणार कशी? आणि कुठे होते ते सांगायची सोय नव्हती. चालत्या माणसाला मात्र कोणी विचारत नाही, मघाशी कुठे गायब झाली होतीस.

इथे लिहायला हरकत नाही. माझे थांबे इतिहासावरून ठरलेले नाहीत. जिथे संडास बरा, तिथे माझा इतिहास सुरू होतो. अर्थात हे कोणाला माहीत नाही.

लतिकाताईंचंच घ्या. एकट्या राहणाऱ्या रिटायर्ड शिक्षिका. गेल्या वर्षी त्यांच्या दारावरून जाताना अशी कळ आली की मी दार वाजवलं आणि तोंडाला येईल ते बोलले, "तुमची जुनी फरशी बघायला मिळेल का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ की. संडासातली जास्त जुनी आहे. दार लावून नीट बघ, घाई करू नकोस." मी गेले. फरशी अगदी साधी, पांढरी. वयामुळे विसरल्या असतील बिचाऱ्या. पण बाहेरच्या खोलीतली खरोखर सुंदर निघाली, निळ्या वेलबुट्टीची, आणि तेव्हापासून 'लतिकाताईंची फरशी' हा आमचा हुकमी थांबा आहे. लोक फोटो काढतात आणि मी "आतली बघून येते" म्हणते. आज त्या म्हणाल्या, "बादली भरून ठेवलीय हो, फरशी बघायला."

दुसरा थांबा बाबुरावांचा छापखाना. लग्नपत्रिका छापतात, पायाने चालवायचं जुनं मशीन अजून ठेवलंय. संडास मागे, मध्ये नुसती फळी. मी मागे गेले की हा गृहस्थ नेमकं तेव्हाच मशीन चालू करतो. केवढा खडखडाट, आणि कागद फुकट जातो तो वेगळाच. मी बाहेर आले की बंद. आज मी म्हटलंच, "बाबुराव, मी समोर असताना चालवा ना, मला लोकांना समजावता येईल." तर म्हणाले, "समोर असलीस की तुझं ऐकायचं, नसलीस की मशीनचं." गिरगावकर. सरळ उत्तर द्यायचं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भात, दुधी. आई दुधीत मीठसुद्धा घाबरत घालते.

आज आईची फजिती. आमची चाळ डिलाईल रोडला. बाबा गिरणीत होते, ते गेल्यापासून आम्ही दोघीच. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, दोन बिऱ्हाडांत एक, त्याला कुलूप आणि किल्ली दाराआडच्या खिळ्याला. खिळा रिकामा दिसला की कोण कुठे गेलंय ते शेजाऱ्यांना कळतं. मी आजारी पडले त्या वर्षी आमच्या खिळ्यावर किल्ली टिकेचना. शेवटी आईने मोरी फोडून घरातच संडास बसवला. चाळीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "माझे गुडघे गेले. माका थंयपर्यंत जावंक जमाचा नाय." लग्नाच्या मुलीचं पोट असं आहे हे बाहेर फुटायला नको, म्हणून गुडघे. पाइप तळमजल्यावरच्या राधाबाईंच्या मोरीतून न्यावा लागला. त्यांनी एक अक्षर न बोलता सही केली. आईच्या गुडघ्यांवर फार जीव आहे त्यांचा.

आता आई लंगडायचं विसरते. आज दूधवाला पुढे निघून गेला म्हणून धडाधड जिना उतरून धावली. खाली राधाबाई उभ्या. म्हणाल्या, "मीराबाय, गुडघे आज रजेवर काय?" आई लगेच लंगडायला लागली, पण नेहमीच्या नाही, दुसऱ्याच पायाने. मी वरून बघून हसून हसून बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज वॉकला विनीत नावाचा मुलगा आला होता. मुलगा कसला, माझ्याच वयाचा असेल. लोअर परळला काचेच्या इमारतीत यांची वॉक करणारी कंपनी आहे. सबंध वेळ गप्प राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू लोकांना थेट घरात नेतेस, हे कोणी करत नाही. हे सुचलं कसं तुला?"

मी म्हटलं, "अभ्यासातून."

त्यांना मराठी वॉकसाठी प्रमुख हवी आहे. पगारी, कायमची. पण अट अशी की आधी गिरणगावचा एक वॉक करून दाखवायचा. "तू तर तिथलीच ना? तुझ्या हातचा मळ," म्हणाला.

मी हो म्हणून आले आहे. १४ डिसेंबर ठरली.

आनंद झालाय. जीवही घाबरलाय. कायमची नोकरी म्हणजे परत कुणाच्या तरी टेबलावर न दिसणं आलं. या वेळी पोटामुळे गेली तर मग मी कशालाच हात लावणार नाही, हे मला ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

इडली, बिनसांबाराची. ताक. पोट कुरकुरतंय.

मी गिरणगावचा वॉक आजवर का केला नाही? लोक विचारतात तेव्हा सांगते, अभ्यास चालू आहे. आज स्वतःला खरं विचारलं. गिरगावात मी परकी आहे, म्हणून कोणाचंही दार वाजवू शकते. इथे प्रत्येक दारामागे बाबांना ओळखणारं कोणीतरी आहे. दार वाजवलं की मी घरी पोचायच्या आत बातमी आईकडे. जिथे सगळे आपले, तिथे संडास मागायची चोरी. गंमतच आहे. असं फक्त माझं आहे की सगळ्यांचं?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट दिवस. रक्तही. गोळ्या वाढवल्या.

दुपारी राधाबाई पातेलं घेऊन वर आल्या. "उकड्या तांदळाची पेज उरली गो, टाकवत नाय." ही बाई एकटी राहते, हिची पेज दर वेळी नेमकी माझं पोट बिघडतं तेव्हाच कशी उरते? तांदळाचा अंदाज चुकत असणार, वय झालं. आईला म्हटलं, त्यांना सांग ना कोणीतरी, जरा कमी शिजवा. आई पातेलं घासायला बसली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून पातेल्यात मूठभर साखर घालून पोचवून आली.

पेज मात्र पोटात राहिली.

४ डिसेंबर, गुरुवार

आज लालबागला रेकी केली, म्हणजे वॉकचा रस्ता आधी चालून बघितला. मसाला गल्लीत शिंकून शिंकून बेजार. मिरच्या कुटणारी माणसं वर्षानुवर्षं तिथे उभी असतात, ती का शिंकत नाहीत? एकाला विचारलं. म्हणाला, "पहिला महिना शिंकलो. मग नाकाने नाद सोडला."

मुख्य काम संडास शोधायचं. गल्लीमागे एक मंगल कार्यालय आहे, तिथला स्वच्छ. पण आत शिरायचं काय सांगून? फरशी तर मोझॅकची. मी मॅनेजरला म्हटलं, हॉल बघायचाय, लग्नासाठी. त्याने हौसेने सगळं दाखवलं, अगदी जेवणाच्या पंगतीची जागासुद्धा, आणि मला हवं ते मी स्वतःच बघून आले. निघताना त्याने विचारलं, "नाव काय लिहू?" माझ्या तोंडून खरं नाव गेलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मॅनेजर राधाबाईंच्या जावयाचा मित्र निघाला. सकाळी राधाबाई हातात नारळ घेऊन दारात. "कोण गो तो? निदान जात तरी सांग." आई माझ्याकडे बघते, मी आईकडे. गॅलरीतून दोन-तीन डोकी डोकावली. मी म्हटलं, मैत्रिणीसाठी बघत होते. कोणी विश्वास ठेवला नाही. नारळ मात्र राधाबाई ठेवून गेल्या.

आईच्या डोळ्यांत एवढा वेळ जी आशा दिसली ती बघवेना. तिला खरं कारण सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "माका वाटला होता..." आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मला फार वाईट वाटलं. लग्नाचं नाही. मी एक संडास शोधायला गेले आणि हिचं काळीज दुखावून आले, त्याचं.

१३ डिसेंबर, शनिवार

उपाशी. उद्या पोटात काही नसलं तर बाहेरही काही येणार नाही, असा माझा सिद्धांत. डॉक्टरांना हा मान्य नाही. आईलाही नाही. पोटाला तर कधीच नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या वाटेल की मनाचं रचलं.

विनीत, त्याच्या ऑफिसातले दोघं आणि माझी नेहमीची मंडळी. मसाला गल्ली झकास झाली, नाकाने नाद सोडल्याचा किस्सा चालला. मग ठरल्याप्रमाणे मी सगळ्यांना कार्यालयाकडे नेलं, गिरणी कामगारांची लग्नं कुठे लागायची ते सांगायला. आत खरंच लग्न. संडासाच्या बोळात वऱ्हाडातल्या बायका साड्या नेसत होत्या, आत पाऊल टाकायला जागा नाही. वर मॅनेजर मोठ्याने, "अनुजाताई, तुमची तारीख पक्की झाली का?" विनीतने अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

करी रोडच्या पुलावर चढलो. मी भोंग्यांबद्दल बोलत होते. प्रत्येक गिरणीचा भोंगा निराळा आणि बाया त्यावर भाताचा कुकर, छे, कुकर नाही, तपेलं चढवायच्या. बोलता बोलता कळ आली. पहिली नुसती सूचना असते. दुसरीला घाम फुटतो. पूल उतरल्यावरचं सार्वजनिक शौचालय मी हेरून ठेवलं होतं. दाराला पाटी, 'पाणी नाही'.

तिसरी कळ थांबत नाही हे मला माहीत आहे. समोर आमच्या चाळीचा जिना होता. म्हटलं, "पुढचा थांबा माझं घर."

"हे प्लॅनमध्ये नव्हतं," विनीत खूश होऊन म्हणाला.

मी जिना चढले, आईला म्हटलं, "पाहुणे आलेत, बस त्यांच्यापाशी," आणि मोरीतल्या संडासात शिरले. आमचं ते दार म्हणजे प्लायवूड. बाहेरचं सगळं ऐकू येतं. म्हणजे आतलंही जात असणार, हा विचार आला आणि मी डोळे मिटून घेतले.

बाहेर आई सगळ्यांना हय बसा, थंय बसा करत होती. कोणीतरी विचारलं, "चाळीत संडास कॉमन असतात ना? तुमच्या घरातच?"

"माझे गुडघे," आईने सुरू केलं. "माका थंयपर्यंत..."

"पुरे झाला मीराबाय." राधाबाईंचा आवाज. या कधी वर आल्या? "गुडघ्यासाठी कोण मोरी फोडतं? गुडघे माका नाय? मी संडासाक जातंय ना रोज त्या टोकापर्यंत?"

आईने कपांचा खणखणाट सुरू केला.

मग राधाबाई पाहुण्यांना सांगायला लागल्या, साध्या मराठीत, मुलांना समजावतात तशा. "मी हिच्या खोलीच्या बरोबर खाली राहते. पोरीचा पाइप माझ्या मोरीतून जातो. वरून पाणी आलं की मला ऐकू येतं. अधूनमधून आलं तर पोरगी बरी आहे. सारखं यायला लागलं की मी पेज ठेवते."

"तुम्हाला त्रास नाही होत पाइपचा?" हा विनीत.

"कोपरा गेला. आता उभ्याने आंघोळ करते. त्यात काय? बाप वारला हिचा, पोरगी कामावर जायला नको?"

माझं काम केव्हाच झालं होतं. तरी मी आतच बसून राहिले. दोन वर्षं मी या बाईला तांदूळ मोजता येत नाही म्हणून हसत होते. इतकं रडू आलं की नळ सोडावा असं वाटलं, आणि मग लक्षात आलं, नळ सोडला तरी हिला कळणार.

बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते, काहीजण मुद्दाम बघत नव्हते. तोंड उघडलं तर वॉकमधला आवाजच बाहेर आला. "ही मोरी. मूळ बांधणीत इथे आंघोळ आणि भांडी, दोन्ही. दोन वर्षांपूर्वी फोडली. माझ्यासाठी."

मग चहा झाला. आईने सगळ्यांना बशीतून दिला, कप कमी पडले म्हणून.

१५ डिसेंबर, सोमवार

पेज, राधाबाईंची. आज उरली वगैरे काही म्हणाल्या नाहीत. नुसतं पातेलं ठेवलं आणि, "गरम आसा तवर खा."

आईला विचारलं, तुला माहीत होतं त्यांना माहीत आहे ते? आई म्हणाली, "माका ठावक होता. पण त्येंका ठावक नव्हता, की माका ठावक आसा." आता गॅलरीत चालताना ती सरळ चालते. मला ते बघून बरं वाटतं आणि चाळीला बघायची मजा गेल्यासारखंही वाटतं.

१७ डिसेंबर, बुधवार

काल एका बाईंचा फोन आला. वॉकला नेहमी येतात, साठीच्या असतील, कालपर्यंत मला फक्त त्यांचे बूट माहीत होते. म्हणाल्या, "तुमच्या वॉकला यायचं तर मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही. रविवारी तुमच्या घरी कळलं की तुमचंही तसंच."

हे ऐकून माझ्या डोक्यात किडा शिरला. आणखी कोण कोण पाणी पीत नाही? आज दादरला फुलं आणायला गेले तेव्हा टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांना विचारलं. त्या हसायला लागल्या. एक म्हणाली, "पाणी? घरी गेल्यावर." बसस्टॉपवरच्या पोटुशी मुलीला विचारलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, आई बाहेरच पडू नको म्हणते, हेच कारण. डायबेटिसवाल्या एका आजोबांनी तर मला कुठला रस्ता कुठल्या हॉटेलमुळे परवडतो ते सगळं पाठ म्हणून दाखवलं. म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात माझ्यासारखाच नकाशा आहे आणि सगळ्यांना वाटतं, आपल्याच डोक्यात आहे. कमालच झाली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

विनीतच्या ऑफिसात. तिथला संडास अप्रतिम, लिहून ठेवण्यासारखा.

त्यांना मी हवी आहे. "तुझ्या घरचा थांबा तर ठेवायचाच," म्हणाला. आई आणि राधाबाई तयार असतील तर माझी ना नाही. आठवड्याला सहा वॉक हवे होते. मी पहिल्यांदा कोणाला तरी टेबलापलीकडून सांगितलं की मला आजार आहे, दोनच जमतील. त्याने विचार केला, कोणाशी तरी बोलून आला आणि हो म्हणाला. मला वाटलं, संपलं, मिळाली.

मग मी म्हटलं, वॉकच्या पोस्टरवर लिहायचं, संडास कुठे कुठे आहे आणि मध्ये अंतर किती.

तो हसला. मग बघितलं की मी हसत नाहीये. "पोस्टरवर? अनुजा, चांगलं नाही दिसत ते. लोक इतिहास बघायला येतात. कोणी विचारलं तर सांग ना हळूच."

"विचारत नाहीत रे. येतच नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"मी विचारलं."

सोमवारपर्यंत विचार कर म्हणाला. माणूस वाईट नाही. दोन वॉकचं त्याने खरंच जमवून आणलं होतं.

२१ डिसेंबर, रविवार

ठाकूरद्वारचा वॉक. लतिकाताईंना बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, तुमच्या संडासातली फरशी जुनी नाहीये."

"नाहीच," म्हणाल्या. "नातवाच्या मुंजीला घातली."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी त्यांच्या पाया पडले तर म्हणाल्या, "उठ, लोक फोटो काढतायत." बाबुरावांना मात्र यातलं काही माहीत नाही, ते आपले मशीनच्या नादात. आजही मी मागे गेले आणि लागले खडखडाट करायला.

२२ डिसेंबर, सोमवार

विनीतला नाही म्हटलं.

फोन ठेवल्यावर बोटांवर हिशेब केला. पगार गेला, ते कायमचं असणं गेलं. एका ओळीसाठी? आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बोलेल. ती म्हणाली, "हळूच सांगान बघितला ना आपण दोन वर्सा." बस, एवढंच. आणि मला भात वाढला.

तरी मी मूर्खपणा केलाय असं आत्ता या क्षणी वाटतंय. लिहून ठेवते.

२९ डिसेंबर, सोमवार

पोस्टर छापून आलं, माझ्या स्वतःच्या वॉकचं. बाबुरावांनी स्वतः जुळवलं. वर 'गिरणगाव, पायी', खाली वेळ, आणि मग ठळक अक्षरांत: 'संडास तीन ठिकाणी. दोन थांब्यांमध्ये दहा मिनिटांहून जास्त चालणं नाही. पाणी पिऊन या.' मला वाटलं होतं, शेवटचं वाक्य बघून ते नाक मुरडतील. तर म्हणाले, "हेच मोठं करू का?"

लालबागचं कार्यालय मॅनेजरने रविवारी सकाळी उघडं ठेवायचं कबूल केलं. पुलाखालच्या शौचालयात पाणी परत आलंय, म्हणजे आमचं घर धरून तीन. माझं लग्न नाही हे कळल्यावर तो जरा नाराज होता.

८ जानेवारी, गुरुवार

तांदळाची भाकरी, लोणी. पोट ठीक.

आठवडाभर एकही फोन नाही. आज सकाळपासून येतायत. कोणी नाव आधी सांगत नाही. आधी विचारतात, "बसायचा आहे की कमोड?" मग, "जिना आहे का?" मग नाव. एक बाई तीनदा फोन करून तेच तेच विचारते, प्रत्येक वेळी नव्याने. का विचारते ते मी विचारलं नाही. मी, भोचक भवानी, गप्प बसले.

१८ जानेवारी, रविवार

आज मी पाणी पिऊन गेले.

कधी नव्हे एवढी माणसं आली. काठीवाले एक आजोबा, दोन पोटुश्या, कॉलेजातली एक अगदी बारीक मुलगी आईला घेऊन, आणि मला न ओळखता येणाऱ्या बऱ्याच. कोण कशासाठी आलंय ते कोणी बोलत नव्हतं. मसाला गल्लीत सगळे नेहमीसारखे शिंकले. पुलावर मी भोंग्यांचं सांगितलं. एका आजींनी त्यांच्या गिरणीचा भोंगा तोंडाने काढून दाखवला आणि तो इतका खरा होता की खालून जाणारा टॅक्सीवाला वर बघायला लागला.

आमच्या चाळीत आलो तर मी गेल्या वेळेप्रमाणे मोरीकडे हात करून सुरुवात केली, "ही मोरी. मूळ बांधणीत इथे..." कोणाचं लक्षच नाही. दारापासून गॅलरीत रांग लागली होती. शेजारच्यांनी टोकाच्या संडासांच्या किल्ल्याही काढून दिल्या, तरी तिथल्या पायऱ्या नकोत, कमोड हवा, म्हणून बहुतेकांना आमचाच हवा. आई एकेकाला आत सोडत होती. राधाबाई वर आल्या, रांग बघितली आणि म्हणाल्या, "आज खाली माझ्या मोरीत पूर येतलो," आणि जिन्यात बसून हसत राहिल्या.

मी गाइड, म्हणून शेवटी उभी राहिले. उभ्या उभ्या रांगेला चाळीचा इतिहास सांगत होते. आणि कळ आली. पहिली, मग लगेच दुसरी. पुढे डोकी दिसत होती, काठी दिसत होती. माझ्याच घराच्या दारात मी घामाघूम. फरशी, हॉल, आईचे गुडघे, सगळं आठवलं आणि एकही उपयोगाचं नव्हतं.

मी मोठ्याने म्हटलं, "मला आधी जाऊ द्या. मला कोलायटिस आहे."

पुढची डोकी वळली. रांगेत पहिल्या नंबरावर तीनदा फोन करणाऱ्या त्या बाई होत्या. बोलल्या तेव्हा आवाजावरून कळलं. त्यांनी दाराला धरलेला हात काढला आणि बाजूला सरकल्या.

"मलाही आहे," त्या म्हणाल्या. "पण तू जा. तुला अजून बोलायचंय."